बेल कोणी दाबली

खवटरावांना माणसं आवडत नसत. माणूस समोर आला की त्याचं काय चुकलंय ते त्यांना आधी दिसे, आणि ते सांगून होईपर्यंत माणूस उठून गेलेला असे. ‘खवटराव’ हे नाव ऑफिसातल्या लोकांनी पाठीमागे ठेवलेलं. त्यांच्या कानावर ते आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही होतं. गोड माणसं कामाची नसतात असं त्यांचं पक्कं मत होतं.

त्यांचं काम चार लोकांत सांगायची सोय नव्हती. साडूने एकदा जेवताना विचारलं, “तुम्ही नक्की करता काय हो?” खवटराव म्हणाले, “पिना सांभाळतो.” साडूला वाटलं कागदाला टोचायच्या, आणि तो ठसका लागेपर्यंत हसला. त्या दिवसापासून साडू त्यांच्या लेखी मेला.

आता कॉम्प्युटरच्या चिपला पाय असतात हे साडूला कोण सांगणार? ढिगाने पाय असतात, आणि त्यातल्या एकेकाला दोनदोन-तीनतीन कामं करता येतात. कुठल्या पायाने कुठलं काम करायचं, कुठल्याला आतून वर ओढून धरायचं आणि कुठल्याला मोकळं सोडायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम म्हणजे पिन कंट्रोल ड्रायव्हर. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये बसलेला असतो. नीट चालला तर त्याचा कुणाला पत्ता नसतो, आणि चुकला तर शिव्या भलत्याच कुणाला तरी बसतात.

अशा सगळ्या ड्रायव्हरांचे खवटराव राखणदार होते. जगभरातले लोक कोडमधले बदल, म्हणजे पॅच, मेलिंग लिस्टवर पाठवायचे, आणि ते घ्यायचे की फेकायचे हे यांच्या हातात. हे फेकायचे. नुसते फेकले असते तर लोकांनी गिळलं असतं, पण वर चार शब्द ऐकवल्याशिवाय यांना चैन पडत नसे. “हे कोड लिहिलंय की सांडलंय?” “तुमच्या कंपनीत वाचता येणारं कुणी असेल तर पुढचा पॅच त्यांच्याकडून पाठवा.” चिपकंपन्यांच्या इंजिनियरांवर तर विशेष लोभ. हे बहाद्दर जुन्या चिपचा ड्रायव्हर उचलणार, वर नव्या चिपचं नाव डकवणार आणि जुन्या चुकांसकट पाठवून देणार. दुसऱ्याचा शर्ट घालून यायचं आणि खिशातला त्याचा रुमालसुद्धा काढायचा नाही, असली अक्कल.

त्यांचा एक नियम मात्र खरा होता. चिप ज्या बोर्डावर बसवतात त्याच्या वर्णनात एखाद्या पिनबद्दल काही सांगितलं नसेल, तर तिला हात लावायचा नाही. मशीन सुरू करणाऱ्या आधीच्या प्रोग्रॅमने ती जशी ठेवली असेल तशी राहू द्यायची. “गप्प बसलेल्याच्या तोंडात शब्द घालू नका,” असं ते लिहीत, आणि नियम मोडणाऱ्याला असं सोलून काढत की तो बिचारा पुन्हा त्या वाटेला जात नसे. हे वाक्य त्यांचं स्वतःचं नव्हतं. ते आत्याचं होतं, पण आत्या काही मेलिंग लिस्ट वाचायला येणार नव्हती.

आत्याने त्यांना वाढवलं. आई लहानपणीच गेलेली, वडील कायम फिरतीवर, आणि आत्या कोर्टात स्टेनो. साक्षीदार बोलला तेवढंच ती टाइप करायची. एकदा न्यायाधीशसाहेब म्हणाले, “बाई, त्याला असं म्हणायचं होतं की—” तर ही जागेवरून म्हणाली, “त्याला म्हणायचं होतं ते त्याने म्हणावं साहेब, मी टाइप करायला बसलेलीच आहे.” खवटरावांचा खवटपणा आला कुठून, हे यावरून ध्यानात यावं. फक्त आत्याचा खवटपणा स्वतःपासून सुरू व्हायचा आणि यांचा दुसऱ्यापासून.

गुडघे गेल्यावर आत्या आपणहून वृद्धाश्रमात राहायला गेली. “तुझ्या घरी राहिले तर महिन्याभरात आपल्यातला एकजण तुरुंगात जाईल,” म्हणाली. तळमजल्यावर, व्हरांड्याच्या अगदी टोकाची खोली तिला मिळाली. पलीकडे कपडे धुवायची मोठमोठी यंत्रं, म्हणून ती कुणाला नको होती. आत्याला चालली, कारण दाराला कुलूप होतं आणि किल्ली तिच्याकडे. टेबलावर जुना टाइपरायटर, उशाशी वायरला लोंबणारं बेलचं बटण, आणि संध्याकाळी काठी टेकत फाटकापर्यंत एक फेरी. तिला एवढंच हवं होतं आणि एवढं ती सुखात होती.

त्या वर्षी खवटरावांनी मोठी साफसफाई काढली. वेगवेगळ्या ड्रायव्हरांत तेच तेच कोड पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं, ते सगळं उपटून त्यांनी एकच सामाईक कोड केलं. हजारो ओळी उडाल्या. लिस्टवर लोकांनी वाहवा केली, ज्यांना त्यांनी सोलून काढलं होतं त्यांनीसुद्धा. खवटराव घरी येऊन बायकोला म्हणाले, “जगात कचरा करणारेच फार, काढणारा एखादाच.” बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, “मग हा तेवढा देठांचा कचरा टाकून या.”

पुढे काही महिन्यांनी एका लहानशा कंपनीच्या इंजिनियरची मेल आली. रंगीत अक्षरं, खाली तीन फोटो चिकटवलेले. विषय असा की नवीन कर्नेल घातल्यापासून आमच्या यंत्रात बटण न दाबताच दाबल्याचं दिसतं. खवटरावांनी दोन ओळी वाचल्या आणि त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तर लिहिलं: “आधी साध्या अक्षरांत मेल पाठवायला शिका. बटण आपोआप दाबलं जात नसतं. तुमचं हार्डवेअर भंगार आहे. बाहेरून रेझिस्टर लावा आणि माझा वेळ खाऊ नका.” त्याने बापड्याने पुन्हा लिहिलं, या वेळी साध्या अक्षरांत. तोवर खवटरावांनी त्याच्या मेल न वाचताच एका कोपऱ्यात जाऊन पडतील अशी व्यवस्था करून ठेवली होती.

आणि त्याच सुमारास वृद्धाश्रमातून फोन यायला लागले.

आत्या बेल दाबते, अशी तक्रार. दिवसातून कितीदा तरी बेल वाजे, आश्रमातल्या कामाच्या मावशी धावत जात, तर आत्या आपली खुर्चीत पेपर वाचत बसलेली. “काय हवंय आजी?” “काही नको.” “मग बेल का दाबली?” “मी दाबली नाही.” सुरुवातीला मावशी हसल्या. मग त्यांनी हसणं सोडलं. मग त्या आत्याच्या पाठीमागे एकमेकींकडे बघून बोट डोक्याशी फिरवायला लागल्या, आणि ते आत्याने आरशात पाहिलं.

वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकाबाई सगळ्यांना ‘आपले आजीआजोबा’ म्हणत आणि एकाचंही नाव त्यांना ठाऊक नसे. आवाज असा की साखर कमी पडेल. “वयाप्रमाणे होतं हो असं,” त्या फोनवर म्हणाल्या. “वरच्या मजल्यावर आपण त्यांची छान काळजी घेऊ.” वरचा मजला म्हणजे विसरभोळ्यांचा. दारांना कुलपं बाहेरून. एका खोलीत दोघी, टाइपरायटर चालणार नाही, फाटकापर्यंतची फेरी बंद. वर गेलेलं माणूस पुन्हा खाली राहायला आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

खवटराव कपाळाला आठ्या घालून भेटायला गेले.

“आत्या, बेल आपोआप वाजत नसते.”

“पण वाजते खरी.”

“कुणीतरी दाबल्याशिवाय?”

“मी दाबली नाही, एवढं मी सांगू शकते. बाकीचं तू शोध. इंजिनियर ना तू?”

“अगं, तुझ्या लक्षात राहिलं नसेल.”

जन्मभर साक्षीदारांचे शब्द टिपलेल्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे मुस्काटात मारण्यासारखंच. पण खवटरावांची नजर मोबाइलवर होती. लिस्टवर कुणीतरी मूर्खपणा केला होता आणि त्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

“हे बघ,” ते मान वर न करता म्हणाले, “एकदाचं कबूल करून टाक. म्हण, चुकून दाबली गेली, आता नाही दाबणार. विषय संपेल. मला सारखे फोन येतात गं, कामं पडलीयत.”

“तुला वाटतं का मी दाबते?”

“दुसरं कोण दाबणार आत्या?”

घरी बायकोने विचारलं, “अहो, आत्या कधी खोटं बोलल्यात का आजवर?” खवटराव म्हणाले, “खोटं नाही गं. वय झालं.” बायकोने त्यांच्याकडे पाहिलं ते काही बरं पाहणं नव्हतं.

आठवडा गेला असेल नसेल, व्यवस्थापिकाबाईंनी सहीला बोलावलं. आत्याला वर हलवायला घरच्यांची संमती लागत होती. कागद पुढे सरकवून त्या म्हणाल्या, “आणि एक चांगलं झालं. काल त्यांनी कबूल केलं. मीच दाबते म्हणाल्या.”

खवटरावांना हायसं वाटलं. “मग झालं तर. आता राहू द्या ना खालीच.”

“अहो, नाही ना! महिनाभर ठाम नाही म्हणत होत्या, आता हो म्हणतायत. म्हणजे गोंधळ वाढलाय त्यांचा. उशीर नको करायला.” आणि गोड हसल्या.

खवटरावांच्या हातातलं पेन हातातच राहिलं. कुणी न बोललेला शब्द आयुष्यात कधी न टिपलेल्या बाईने यांच्या सोयीसाठी खोटी जबानी दिली होती, आणि तीच आता तिच्या गळ्याशी आली होती. “भेटून येतो,” म्हणून ते उठले.

खोलीत आत्याची पिशवी भरून तयार होती. टाइपरायटरवर झाकण चढवलेलं. आत्या पलंगावर बसून शालीची घडी घालत होती, दोन्ही हातांत शालीची दोन टोकं. पलीकडच्या खोलीत धुण्याचं यंत्र सुरू झालं. घरघर वाढली, भिंत थरथरली, आणि दारावरचा लाल दिवा लागून व्हरांड्यात बेल वाजायला लागली.

आत्याने वर पाहिलंसुद्धा नाही. मावशी दारात आल्या. “दाबली का आजी?”

“हो बाई, मीच दाबली,” आत्या म्हणाली. शालीची टोकं तिच्या हातात तशीच.

खवटरावांनी ते हात पाहिले. बटण पाहिलं, ते उशाशी लोंबत होतं, तिच्यापासून हातभर लांब. मग त्यांच्या डोक्यात जे पेटलं ते अर्थातच दुसऱ्याबद्दल. कुठल्या गाढवाने ही पिन मोकळी सोडली? बटणाच्या पिनला आतून वर ओढून धरायचं असतं, म्हणजे कुणी दाबेपर्यंत ती जागची हलत नाही. मोकळी सोडली की ती तरंगते. मग एवढी लांब वायर, शेजारी एवढी मोटर, बेल वाजणार नाही तर काय होईल! “सॉफ्टवेअर कधी बदललं हो याचं?” त्यांनी मावशींना विचारलं. “ते कंपनीचे दादा आले होते की,” मावशी म्हणाल्या, “त्यांनी नवीन घातलं. हे सगळं त्यानंतरचंच.”

सगळ्या खोल्यांच्या बेलच्या वायरी व्हरांड्यातल्या एका डब्यात जात होत्या, त्यावर कंपनीचं नाव होतं. खवटरावांना ते कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. तिथेच जमिनीवर बसून त्यांनी लॅपटॉप उघडला, आणि कोपऱ्यात पडलेल्या मेल वर काढल्या. तिसऱ्या ओळीपासून पुढे त्या त्यांनी आज पहिल्यांदा वाचल्या. जुन्या कर्नेलवर ठीक चालतं, असं लिहिलेलं. लांब वायरीच्या खोल्यांतच होतं, असं लिहिलेलं. आणि शेवटी, “ही बेल वृद्धांच्या खोल्यांत असते, त्यांना उगाच बोलणी बसतात, कृपया बघावं.”

कोडमधली कुठली ओळ कुणी लिहिली हे दाखवायची सोय असते. खवटरावांनी ती चालवली, ज्याचं नाव येईल त्याला काय ऐकवायचं ते मनात जुळवतच. डब्यातल्या स्वस्त, जुन्या चिपच्या ड्रायव्हरमध्ये शून्य म्हणजे ‘काही सांगितलेलं नाही, हात लावू नका’ असं होतं. साफसफाईत कुणीतरी त्याचा अर्थ ‘ओढ काढून टाका’ असा केला होता. गप्प बसलेल्याच्या तोंडात शब्द घातला होता. ओळीसमोर नाव आलं. खवटरावांचं.

त्यांनी पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा तेच.

मग ते व्यवस्थापिकाबाईंकडे गेले. “आत्या बेल दाबत नाही. बेल आपोआप वाजते.”

बाईंनी मान कलती केली. असल्या नातेवाइकांसाठी ती लकब खास ठेवलेली असावी. “मला समजतं हो तुमचं दुःख. पण बेल काही आपोआप वाजत नाही.”

आपलंच वाक्य तोंडावर आपटलं की कसं लागतं ते खवटरावांना तेव्हा कळलं. एरवी त्यांनी बाईंची सालटी काढली असती. आज ते म्हणाले, “माझ्याबरोबर या. एकदाच.” खोलीत नेऊन त्यांनी बटणाची वायर भिंतीतून उपटली आणि बटण बाईंच्याच हातात दिलं. आत्याला म्हणाले, “आत्या, तू बाहेर व्हरांड्यात ये.” रिकाम्या खोलीच्या दारात सगळे उभे राहिले. पलीकडचं यंत्र पिळायला लागलं, आणि बेल वाजली.

बाईंनी हातातल्या बटणाकडे पाहिलं. “अगंबाई,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली साखर पहिल्यांदाच संपली होती. मावशी खाली बघत पदराशी चाळा करत राहिल्या. संमतीचा कागद बाईंनी मुकाट्याने फाडला.

“मग वाजत होती कशामुळे?” आत्याने विचारलं.

“कर्नेलमध्ये चूक होती.”

“कोणाची?”

“माझी,” खवटराव म्हणाले. “मी लिहिलेल्या ओळीची. एकाने मला कळवलं होतं. मी वाचलं नाही, वर त्यालाच झाडलं.”

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. “मला तू म्हणालास, माझ्या लक्षात राहत नाही,” ती म्हणाली. “आणि मी तुझं ऐकून खोटं बोलले. या वयात, तुझ्यासारख्या माणसासाठी.” मग पिशवीतले कपडे काढून ती कपाटात लावायला लागली. यांनी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, “तू नको.”

खवटरावांनी पॅच पाठवला. चूक माझी, असं त्यात सरळ लिहिलं, कळवणाऱ्या इंजिनियरचं नाव घातलं आणि सगळ्या लिस्टसमोर त्याची माफी मागितली. ज्यांनी कधीकाळी बोलणी खाल्ली होती त्यांना केवढा आनंद झाला म्हणता! एकाने विचारलंच, “हे कोड लिहिलं होतं की सांडलं होतं?” इंजिनियरने मात्र दोनच शब्द लिहिले, “आभारी आहे,” आणि लगेच येऊन आश्रमात नवीन सॉफ्टवेअर घालून, उपटलेली वायर जोडून गेला. बेल एकदम गुणी झाली. यंत्रं घरघरायची, भिंत थरथरायची, लाल दिवा शांत.

पुढच्या रविवारी खवटराव गेले तर मावशी दारातच भेटल्या. “दादा, आता त्या बेल दाबतच नाहीत हो. काही लागलं तरी नाही. मीच अधूनमधून डोकावते.”

आत आत्या खुर्चीत बसली होती. ओठ कोरडे. पाण्याचा तांब्या पलीकडच्या टेबलावर, तिच्या गुडघ्यांना न झेपणाऱ्या अंतरावर. किती वेळ तशी बसली होती कोण जाणे. बटण तिच्या मांडीपाशीच होतं.

खवटरावांनी पाणी दिलं. ती घटाघटा प्यायली.

“आत्या, अगं बेल आहे ना हाताशी. दाबायची की.”

“नको.”

“का?”

“म्हणतील, पुन्हा दाबली.”

पिन दुरुस्त झाली होती, तपासून झाली होती, पुढच्या सगळ्या कर्नेलांत ती दुरुस्तच राहणार होती. इकडे ही बाई तहानेने कोरडी पडत होती, आणि याला पॅच नव्हता. त्यांनी पुढे होऊन बटण उचललं आणि दाबून धरलं. व्हरांड्यात बेल घणघणली. मावशी पळत आल्या, मागून व्यवस्थापिकाबाईसुद्धा.

“कोणी दाबली?” बाईंनी विचारलं.

“मी,” खवटराव म्हणाले. “आत्याला पाणी हवं होतं. तांब्या तिच्या हाताशी ठेवत जा.”

आत्याने रिकामा पेला खाली ठेवला. “सगळं सांग की रे,” ती म्हणाली. “आधीपण तूच दाबत होतास.”